उजेडाची कड

पायरी सांभाळ, तिसरी मोडकी आहे.
म्हापशाच्या बाजारामागचा हा जिना
बाबांनी पासपोर्टवाल्यांसाठी घेतला,
आठव्या महिन्यातल्या बायकांचा विचार
तेव्हा कुणी केला नव्हता.
बस. दम घे. पाणी पी.

मिताली हळर्णकर. नवरा बोटीवर,
सध्या कुठल्याशा बंदरात,
जिथे रेंज आलीच तर रात्री तीनला येते.
सोबत सासू. पिशवीत तीन साड्या, एक लिंबू,
आणि दारातच सांगून मोकळी:
"पोटाचो फोटो काडूं नाका गो, दिश्ट लागता."

मी त्यांना कामाला लावलं.
थर्माकोलचं झाकण, मासळीच्या खोक्याचं,
तीनदा धुतलं तरी बांगड्यांचा वास न सोडणारं.
"हे धरा असं, हिच्या सावलीच्या बाजूला,
निसटलेला उजेड तुमच्याकडून परत हिच्याकडे जाईल."
त्यांनी धरलं,
जणू लग्नातला अंतरपाटच.

आता ऐक.
वजन मागच्या पायावर. पुढचा गुडघा सैल.
पोट मला दाखवू नकोस, भिंतीला दाखव,
मला फक्त त्याची रेषा हवी.
एक हात वर, एक खाली. दाबू नकोस.
दार नुसतं लोटलंय की आतून कडी आहे
हे बघताना ठेवतो ना हात,
तसा ठेव.
हनुवटी थोडी पुढे.
हसायचं नाही. श्वास सोड.
चांगले फोटो श्वास सोडल्यावर येतात.

बाबा शिकवायचे,
दिव्याच्या मध्यात माणूस उभा करू नये,
मध्य फक्त पोलिसांना लागतो.
दिवा जरा पलीकडे वळव,
त्याचा झोत पुढ्यातून निघून जाऊ दे,
आणि कडेचा उजेड घे. कड मऊ असते.
(उंड्याची सोडून, म्हणायचे,
आणि आतून आई हसायची.)

दिवा वळवला. खिडकीवर काळं कापड.
उजेड बाजूने आला,
पोटावरून सावकाश घसरत खाली गेला,
आणि नेसवलेल्या कापडाच्या काठाशी
अडला.
एक आडवी रेघ. जुनी. किंचित उचललेली.
समोरच्या उजेडात दिसलीही नसती.
बाजूचा उजेड काही सोडत नाही.

"दिवा समोर घेते," मी म्हटलं, "जाईल ती.
नाहीतर नंतर कॉम्प्युटरवर पुसू,
दोन मिनिटांचं काम."
मिताली बोलली नाही.
झाकण हललं.
तिच्या गालावरचा उजेड हलला.
"आसूं दी," थर्माकोलच्या मागून आवाज आला,
"त्याचा एकसुद्धा फोटो नाही आमच्याकडे."

मग किती काढले, मोजले नाहीत.
दिवा होता तिथेच ठेवला.
मिताली मधेच म्हणाली, लाथ मारतोय,
आणि तिचा खालचा हात
न सांगता बरोबर जागी गेला.
मी शिकवलेल्या सगळ्या जागांपेक्षा बरोबर.

निघताना सासूने लिंबू काढलं.
सुनेवरून नाही,
माझ्या कॅमेऱ्यावरून उतरवलं, तीनदा,
लेन्सच्या डोळ्यात डोळा घालून.

दोघी जिना उतरत होत्या.
"तिसरी मोडकी," सासू पुढून सांगत होती,
तिचाच जिना असल्यासारखी.
मी बिल करायला बसले.
बाबांनी छापून घेतलेलं पुस्तक, संपता संपत नाही:
नग. आकार. आणि एक रकाना, व्यक्ती.
पासपोर्टला एक. लग्नाला दोन.

पडद्यावर शेवटचा फोटो उघडा होता.
चौकटीच्या डाव्या काठाला
थर्माकोलचा पांढरा कोपरा आलेला,
आणि तो धरणाऱ्या मनगटावर
हिरव्या काचेच्या बांगड्या.
कापायला हवा होता.
नाही कापला.

रकान्यात चार लिहिले.
जीएसटीवाल्याने विचारलंच
तर बघू.